जुनी वेगवान मोटार व तिचे नवे धनी

“वस्तु स्वस्तांत मिळाली” या तीन शब्दांनीं आमच्या मध्यमवर्गाची जितकी फसगत केली आहे तितकी कोणा सावकारानेंहि केली नसेल. खरेदीचा आंकडा आम्ही आल्यागेल्यास अभिमानानें सांगतों. त्या वस्तूस पुढें वर्षानुवर्षें जें घालावें लागतें त्याचा आंकडा मात्र आम्हांस दंड भरल्यासारखा वाटतो. शिलाईचें यंत्र, विहिरीवरचा पंप, वडिलोपार्जित वाडा, या सर्वांच्या वांट्यास आमचें हेंच औदार्य आलेलें आहे. पंप बंद पडला तर आपलेंच पीक वाळतें, वाडा गळला तर आपलेंच अंथरूण भिजतें. त्यांत दुसऱ्याचें फारसें बिघडत नाहीं. परंतु हीच वृत्ति जेव्हां दीडशें अश्वशक्तीच्या एखाद्या जुन्या मोटारीस लावली जाते, तेव्हां काटकसर एकाची असते आणि तिची किंमत रस्त्यावरच्या भलत्याच कोणाला तरी द्यावी लागते. विषय यंत्रांचा असून या पृष्ठांवर थोडा परका वाटेल, हें मी जाणतों. तरी तो येथेंच मांडणें मला योग्य वाटतें. कारण दोष यंत्राचा नसून आपल्या घरांतील विचाराचा आहे.

बीडहून सोलापूरच्या वाटेस लागलें म्हणजे थोड्याच वेळांत पाली लागतें. शेजारीं बिंदुसरेचा तलाव आहे. पुढें बालाघाटाचा चढ सुरू होतो व वाट मांजरसुंब्यास जाऊन मिळते. पालीस माझी बहीण राहते. तिच्या मुलानें गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पुण्याहून एक जुनी मोटार आणली. मोटार टर्बो बसविलेल्या पेट्रोल इंजिनाची, बारा वर्षांची, आणि एके काळीं शहरांतल्या डॉक्टरांनीं व कारखानदारांनीं हौसेनें घेतलेल्या जातीची. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत तिच्या कर्त्यांचा कांहीं अपराध नव्हता. नवी असतांना जिला पंधरा लाखांवर मोजावे लागले असते ती साडेतीन लाखांत दारीं आली. विकणाऱ्यानें “फुल सर्व्हिस झालेली आहे, बसा आणि पळवा” असें सांगितलें होतें. माझ्या भाच्यानें त्यांतील दुसरी आज्ञा तंतोतंत पाळली.

पहिल्या दोन महिन्यांत त्यानें गाडीवर जो खर्च केला तो असा. मागचा सायलेन्सर काढून त्या जागीं मोठ्या आवाजाचें नळकांडें बसविलें. जुन्या बाजारांतून रुंद मॅग-व्हीलें टायरांसकट आणलीं. कांचेवर पट्टी, दारावर अक्षरें. इंजिनाच्या संगणकांत फेरफार करून आणखी वीस-पंचवीस अश्वशक्ति काढून देतो असें म्हणणारा कोणी पुण्यांत होता, त्याच्याकडे आगाऊ पैसे पाठविले. साठ हजारांच्या वर रक्कम गेली. या साठ हजारांपैकीं एकहि रुपया गाडी थांबविण्याच्या कामीं लागलेला नव्हता, ही गोष्ट तेव्हां कोणाच्याच लक्षांत आली नाहीं, माझ्याहि नाहीं.

दसरा होऊन गेल्यावर मी पालीस गेलों. संध्याकाळीं मांजरसुंब्याहून परत येतांना गाडी तोच चालवीत होता, मी शेजारीं होतों. ती गाडी चालतांना पाहून मन प्रसन्न झालें, हें कबूल न करणें लबाडी होईल. पायाच्या किंचित् दाबानें ती अशी उसळे कीं पन्नाशी ओलांडलेल्या माणसालाहि आपण तरुण असल्याचा भास व्हावा. घाटाच्या उताराला वळणें आलीं. प्रत्येक वळणापूर्वीं भाचा जोरानें ब्रेक दाबी आणि वळण संपतांच पुन्हां वेग घेई. चौथ्या कीं पांचव्या वळणावर त्याचा पाय ब्रेकवर गेला तो सरळ तळाला टेकला. पुढें ट्रॅक्टरच्या मागें जोडलेली ट्रॉली होती. मागें दिवा नव्हता. ट्रॉलीवर ऊसतोडीला निघालेलीं दोन कुटुंबें, त्यांचीं भांडीं, गोधड्या, एक शेळी आणि अगदीं मागच्या फळीला टेकून बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. भाच्यानें पाय तीन-चार वेळां आपटला, गियर खालीं टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या खडींत घातली. आम्ही थांबलों तेव्हां ट्रॉली चार-पांच हातांवर होती आणि तशीच पुढें जात होती. ट्रॅक्टरवाल्याला कांहीं कळलेंहि नाहीं. मुलगा मात्र आमच्याकडे पाहून हंसत होता. त्याला सायलेन्सरचा आवाज आवडला असावा.

दुसऱ्या दिवशीं बीडांतील एका मिस्त्रीकडे गेलों. साठीचे गृहस्थ, गॅरेज म्हणजे पत्र्याची एक पडवी. त्यांनीं बॉनेट उघडून प्रथम इंजिनाकडे पाहिलेंच नाहीं. ब्रेक-ऑइलच्या डबीचें झांकण काढलें. जें तेल मधासारखें पिवळसर असावयाचें तें काळ्या चहासारखें झालें होतें. “हें कधीं बदललं?” या त्यांच्या प्रश्नाला आम्हां दोघांकडे उत्तर नव्हतें.

या तेलाविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण सुशिक्षित माणसें मोटारीचें इंजिन-ऑइल बदलतात आणि ब्रेकचें तेल जन्मभर पुरतें असें समजतात. पायाचा दाब चाकांपर्यंत नेण्याचें काम हें तेल करतें. तें दाबलें जात नाहीं, म्हणूनच ब्रेक लागतो. परंतु त्याला हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. ‘डॉट ४’ या नेहमींच्या जातीचें तेल कोरडें असतांना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या जवळपास पाणी शिरलें म्हणजे हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या उताराला वारंवार ब्रेक दाबले कीं चकत्या तापतात, ती उष्णता तेलापर्यंत जाते, तेल उकळतें, आणि त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते. मग पाय तळाला जातो आणि गाडी जात राहते. वेग दुप्पट झाला तर ती थांबविण्याचें काम चौपट होतें, हें आपण शाळेंत शिकलों आहों. तेव्हां जी गाडी इतरांहून वेगानें पळते तिच्या ब्रेकला इतरांहून अधिक उष्णता सोसावी लागते, हें निराळें सांगावयास नको. दर दोन वर्षांनीं बदलावयाच्या या तेलाची किंमत कांहीं शें रुपये. साठ हजारांच्या नळकांड्या-चाकांपुढें ती नजरेंतहि भरली नव्हती.

नंतर मिस्त्रींनीं टायरांकडे बोट दाखविलें. टायराच्या बाजूला एका लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या सुंदर मॅग-व्हीलांवरील टायरांवर “२३१४” असें होतें. म्हणजे ते २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत जन्मलेले. नक्षी खोल होती, म्हणून ते नव्यासारखे दिसत. पण रबर नखानें दबत नव्हतें. रबराचें वय किलोमीटरांवर नसून वर्षांवर असतें, आणि मराठवाड्याच्या उन्हांत तें वर्ष दीड वर्षाचें होतें असें मिस्त्री म्हणाले. हा आंकडा शास्त्रीय नव्हे, परंतु एप्रिल महिन्यांत बीडांत राहिलेला माणूस त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

जुन्या गाडीच्या जाहिरातींत जी ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांनीं असते ती “फक्त चाळीस हजार किलोमीटर चाललेली” ही होय, आणि तिच्यासारखी भोळ्यांना फसविणारी दुसरी ओळ नसेल. आंकडा मागें फिरविलेला असण्याचा संभव सोडून द्या. तो खरा असला तरी त्याचा अर्थ काय? बारा वर्षांत चाळीस हजार म्हणजे गाडी महिनेच्या महिने उभी होती. उभ्या गाडीचें ब्रेक-ऑइल पाणी पितच असतें, टायर कडक होतच असतात, पाण्याचे पाइप तडकतच असतात. बहुतेक जुन्या वेगवान इंजिनांत एक दांतेरी पट्टा असतो. पिस्टन आणि झडपा यांचा ताल तो राखतो. पुष्कळशा इंजिनांत हा पट्टा तुटला तर झडपा पिस्टनांवर आदळून वाकतात आणि एका क्षणांत इंजिनाचा कारखाना होतो. त्याची मुदत किलोमीटरांत सांगतात तशी वर्षांतहि सांगतात, आणि दोहोंपैकीं जी आधीं येईल ती खरी. माझ्या भाच्यानें मुदतींतील पहिला आंकडा वाचला होता, दुसरा वाचला नव्हता.

नेकनूरच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी असा फसत नाहीं. तो जनावराचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि घरीं आणल्यावर लगेच त्याला नांगराला जुंपीत नाहीं. पत्री ठोकतो, चारापाण्याला लावतो, अंगावर हात फिरवून त्याची खोड ओळखतो. त्याची शिंगें रंगविण्याचें काम पोळ्याला. आमचीं पदवीधर मुलें शिंगें आधीं रंगवितात.

या मुलांस सर्वस्वीं दोष देणेंहि बरोबर नाहीं. अशा गाड्यांचें आकर्षण खोटें नाहीं, आणि तें महाराष्ट्राला परकेंहि नाहीं. औरंगाबादेजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यांत जुळविल्या जाणाऱ्या स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाडीची ‘आरएस’ ही टर्बोवाली आवृत्ति २००४ सालीं निघाली. तिची शक्ति १५० अश्वांची होती. त्या काळीं घरोघरीं असलेल्या मारुति ८०० चें इंजिन सुमारें ३७ अश्वशक्तीचें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या गाडीनें मराठवाड्यांतील तरुणांच्या मनावर काय केलें असेल तें समजतें. पुढें रांजणगांवाहून फिआटनें २०१५ सालीं अबार्थ पुंटो काढली, १४५ अश्वशक्तीची. आकारानें लहान, स्वभावानें तिखट. या गाड्या ज्यांनीं नव्या घेतल्या त्यांनीं त्या सोडल्या, आणि आज त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातांत येऊन जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गांवीं पोंचत आहेत. पोंचाव्याच. चांगलें यंत्र भंगारांत जाण्यापेक्षां पालीच्या एखाद्या हौशी मुलाच्या दारांत उभें राहावें, या मताचा मी आहें.

पण त्या स्वस्त कां झाल्या, हा प्रश्न विचारावयास हवा. गाडीची किंमत दरवर्षीं उतरते; तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. साडेतीन लाखांच्या गाडीला लागणारा ब्रेक, टर्बो किंवा शॉकॲब्सॉर्बर हा पंधरा लाखांच्याच गाडीचा असतो, त्याच भावाचा असतो. फिआटनें तर २०१९ पासून भारतांत आपल्या नांवाच्या मोटारी विकणेंच सोडलें, त्यामुळें तिच्या धन्यांस कांहीं भाग शोधीत हिंडावें लागतें. पहिला मालक गाडी विकतो तो बहुधा तिला कंटाळून नव्हे, तर मोठा खर्च उंबरठ्यावर येऊन ठेपल्यामुळें. म्हणजे आपण जी रक्कम वांचविली असें समजतों ती त्यानें न केलेली दुरुस्ती असते. अशी गाडी घेणाऱ्यानें किंमतीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतके पैसे निराळे काढून ठेवावे, असा माझा अंदाज आहे. ज्याला तें परवडत नसेल त्यानें साधी गाडी घ्यावी, तिच्यांतहि सुख आहे.

आणखी एक नवी अडचण आहे, आणि तिचा संबंध त्या घाटांतल्या ट्रॉलीशीं चमत्कारिक रीतीनें येऊन मिळतो. आपल्या बीड जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दरवर्षीं ऊस तोडावयास बाहेर जातात. त्या उसापासून साखर होते, आणि आतां इथेनॉलहि होतें. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलाचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. शेतकऱ्याच्या व परकीय चलनाच्या दृष्टीनें त्यांत लाभ असेल, तो वाद येथें नको. परंतु अशा मिश्रणाला टिकणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत घातले जाऊं लागले. त्यापूर्वींच्या, विशेषतः दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांचे पाइप व गास्केटें त्या हिशेबानें केलेलीं नाहींत. कांहीं जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरांनंतर असे रबरी भाग बदलावे लागतील, असें सरकारनेंच २०२५ च्या ऑगस्टांत सांगितलें आहे. खर्च थोडा, नेहमींच्या सर्व्हिसमध्यें होण्याजोगा, असेंहि सांगितलें आहे. तें खरें धरलें तरी नेहमींची सर्व्हिस करणाऱ्यालाच तें लागू. तापलेल्या टर्बोशेजारून जाणारा पेट्रोलचा जुना पाइप पाझरूं लागला तर काय होईल हें समजावयास मिस्त्री लागत नाहीं.

टर्बोचें नांव निघालें म्हणून सांगतों. इंजिनांतून बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारें हें चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतें, आणि त्याचा दांडा फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून गाडी बंद केली कीं तेलाचा प्रवाह थांबतो, आंतलें तेल तिथेंच करपतें, आणि त्याची काजळी धरते. म्हणून हलक्या हातानें थोडें चालवून, मग मिनिटभर इंजिन तसेंच ठेवून, नंतर बंद करावें. फुकटचें औषध आहे. पण पान-टपरीसमोर झोकांत गाडी थांबवून झटक्यानें उतरण्याची जी ऐट, तिला तें मानवत नाहीं.

आतां दोन पक्षांशीं मला भांडावयाचें आहे. पहिला पक्ष भाच्याचा व त्याच्या मित्रांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, गाडी आपली, पैसा आपला, हौस आपली. आधीं काय करावें आणि नंतर काय करावें हें सांगणारे तुम्ही कोण? यास कायद्याचें उत्तर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंत मनास येईल तो फेरफार करूं देत नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. पण कायद्याच्या भीतीनें सुधारलेला माणूस नाक्यापुरता सुधारतो. माझें उत्तर निराळें आहे. ज्या गाडीचे जुने दीडशें घोडे आवरतां येत नाहींत तिच्यांत आणखी पंचवीस घालणें याला हौस म्हणत नाहींत. जो खरा हौशी असतो त्याला आपल्या गाडीच्या बुशांचें, पाइपांचें, तेलांचें वेड असतें. परदेशांतहि आणि आपल्याकडेहि जुन्या गाड्या प्रेमानें सांभाळणाऱ्यांच्या गॅरेजांत पाहावें, तेथें आवाजापेक्षां वहीच जास्त सांपडते. कोणत्या तारखेस काय बदललें, किती किलोमीटरांवर, पुढें केव्हां. आमच्या भाच्याजवळ गाडीचे चारशें फोटो होते. वही नव्हती.

दुसरा पक्ष वडील माणसांचा, आणि तो मला अधिक घातुक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. घाटांतील प्रकार कळल्यावर माझे मेहुणे, आयुष्यभर शिक्षक राहिलेले सज्जन, एवढेंच म्हणाले, “विकून टाक. आतां तिच्यावर दमडी घालूं नकोस.” बहिणीलाहि तें पटलें. मी विचारलें, “भाऊजी, कोणाला विकावी?” ते म्हणाले, “घेईल कोणी तरी.” हा “कोणी तरी” म्हणजे दुसऱ्या एखाद्या गांवचा दुसरा एक भाचा. त्याला आपण काय सांगणार? “फुल सर्व्हिस झालेली, बसा आणि पळवा”? पुण्याच्या त्या विकणाऱ्यास आम्ही घरांत बसून आठवडाभर शिव्या दिल्या, आणि त्याचेंच वाक्य आमच्या तोंडांत यावयास एक दिवस पुरला.

याच पक्षाची दुसरी खोड मिस्त्रीशीं घासाघीस करण्याची. पेट्रोल पंपावर आम्ही भाव विचारीत नाहीं, पॉलिश करणाऱ्याला हंसत पैसे देतों. परंतु काळ्या हाताचा माणूस दिवसभर गाडीखालीं निजून पट्टा, पुली, पाण्याचा पंप बदलतो तेव्हां त्याच्या मजुरीकडे आम्ही संशयानें पाहतों. “जें मोडलें आहे तेवढेंच करा” हें आमचें आवडतें वाक्य. ब्रेक-ऑइल मोडत नाहीं. पट्टा तुटेपर्यंत तो अखंडच असतो. त्या वाक्याचा अर्थ एवढाच होतो कीं, आधीं अपघात होऊं द्या, मग बिल करा. बीडच्या त्या मिस्त्रींनीं मला सांगितलें कीं, गिऱ्हाईक रागावेल म्हणून पुष्कळ मिस्त्री जुनें तेल पाहूनहि बोलत नाहींत. बोलले तर “धंदा वाढवतो” असें ऐकावें लागतें. फसविणारे मिस्त्री आहेतच. पण खरें बोलणाऱ्याला आम्ही गप्प केलें आहे, हेंहि तितकेंच खरें.

कागदपत्रांविषयीं फार लिहीत नाहीं. नांवावर करणें, विमा चौदा दिवसांत आपल्या नांवीं वळविणें, पंधरा वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण, हीं कामें आमचे लोक बरीं करतात, कारण त्यांत शिक्का मिळतो. ज्या कामाला शिक्का नाहीं तेंच राहतें. आमच्या गाडीच्या बाबतींत मिस्त्रींनीं क्रम लावून दिला तो असा: आधीं ब्रेक आणि टायर, मग पट्टा व पाण्याचे पाइप, मग पेट्रोलचे पाइप, मग पुढचे बुश, आणि हें सगळें होऊन दोन-तीन हजार किलोमीटर निर्वेध चालली तर पुढचें बोलूं. तोंवर घाटांत जावयाचें नाहीं.

भाच्यानें संगणकवाल्याकडून आगाऊ पैसे परत मागितले, अर्धे आले. त्यांत ब्रेकच्या चकत्या, पॅड आणि तेल झालें. टायरांचे पैसे मेहुण्यांनीं दिले, कुरकुरत दिले, आणि टायर आल्यावर चष्मा चढवून स्वतः त्यांवरचे चार आंकडे वाचून पाहिले. पट्ट्याचें काम पुढच्या आठवड्यांत आहे. वही मी आणून दिली आहे. तिच्यांत आतांपर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. नळकांडें अद्याप तसेंच आहे. त्याविषयीं आमचें भांडण चालूं आहे, आणि “मामा, तेवढं राहूं द्या की,” या त्याच्या विनवणीला मी अजून होकार दिलेला नाहीं.